सगळं लाल होतं, तरी जहाज गेलं

नागपुरात बसून नेव्हीवर लिहितो म्हटलं की लोक आधी हसतात. जवळचा समुद्र पाचशे किलोमीटरच्या पुढे, पाणी म्हणजे अंबाझरी नाहीतर फुटाळा. पण मी पंधरा वर्षं नेव्हीत होतो, रडार प्लॉटला, पेटी ऑफिसर (पीओ) होऊन बाहेर पडलो अन् आता बुटीबोरीतल्या एका कारखान्यात सेफ्टी आणि ट्रेनिंग बघतो, म्हणजे कोणाचं कोणतं ट्रेनिंग झालं, कोणाचं संपलं, याची एक्सेल शीट सांभाळतो. खाली जे प्रकरण लिहितोय ते माझ्या या दोन्ही नोकऱ्यांच्या बरोबर मधे येऊन बसतं म्हणून ते डोक्यातून जात नाही.

निमित्त झालं रविवारच्या तर्री-पोह्याचं. आमच्या सोबत एक वायुसेनेतून रिटायर झालेले वॉरंट साहेब असतात, नोकरीची शेवटची काही वर्षं इथेच वायुसेना नगरात मेंटेनन्स कमांडला काढली त्यांनी. विषय निघाला २०१७ च्या अमेरिकन नेव्हीच्या दोन धडकांचा. साहेब म्हणाले, "त्यात काय समजायचं आहे बाप्पा, कॅप्टन झोपला होता, विषय संपला." आता गंमत अशी की एका जहाजाचा कॅप्टन खरंच झोपला होता, स्वतःच्या केबिनमध्ये, आणि धडक नेमकी त्या केबिनवरच बसली. पण विषय तिथे संपत नाही, सुरू होतो.

आधी झालं काय ते सांगतो. १७ जून २०१७, रात्री दीडच्या आसपास, जपानच्या इझू द्वीपकल्पाजवळ यूएसएस फिट्झगेराल्ड ही डिस्ट्रॉयर, म्हणजे विनाशिका युद्धनौका, एसीएक्स क्रिस्टल नावाच्या कंटेनर जहाजाला धडकली. पाण्याखाली भोक पडलं, खलाशांची झोपायची जागा बघता बघता पाण्यानं भरली, सात जण गेले. मग २१ ऑगस्टला पहाटे ५ वाजून २४ मिनिटांनी सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी यूएसएस जॉन एस. मॅकेन ही त्याच जातीची दुसरी डिस्ट्रॉयर अल्निक एमसी नावाच्या टँकरच्या आडवी गेली, दहा जण गेले. दोन्ही जहाजं एकाच ताफ्याची, सेव्हन्थ फ्लीटची, दोघींचं घर एकच, जपानातलं योकोसुका बंदर. त्याच वर्षी जानेवारीत याच ताफ्याची अँटिटम ही क्रूझर टोकियोच्या खाडीत तळाला घासली होती, आणि मे मध्ये लेक शॅम्प्लेन एका कोरियन मासेमारी बोटीला धडकली होती. म्हणजे आठ महिन्यांत चार. एवढी आधुनिक रडारं, क्षेपणास्त्रं पाडू शकणारी जहाजं, आणि रस्ता क्रॉस करताना मार खाऊन राहिली.

लोकांना वाटतं की अशा वेळी कागदावर सगळं हिरवं असेल, खोटे रिपोर्ट दिले असतील, आणि मग बिंग फुटलं असेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण इथे उलटं होतं, कागद बऱ्यापैकी खरं बोलत होते. अमेरिकेच्या संसदेसाठी हिशेब तपासणारी जी संस्था आहे, जीएओ, तिने सप्टेंबर २०१७ मध्ये संसदेच्या समितीपुढे सांगितलं की जपानात असलेल्या क्रूझर आणि डिस्ट्रॉयरची लढाईच्या कामांची ३७ टक्के सर्टिफिकेटं जून २०१७ पर्यंत एक्स्पायर झाली होती, आणि त्यातली दोन तृतीयांशपेक्षा जास्त पाच महिने किंवा त्याहून अधिक काळ संपलेली होती. दोन वर्षांपूर्वी, मे २०१५ मध्ये, याच संस्थेने याच जहाजांबद्दल इशारा दिला होता, आणि तेव्हापासून हे प्रमाण पाचपटीहून जास्त वाढलं. आकडे नेव्हीच्याच नोंदींतून आलेले. कोणी लपवले नव्हते. तारीख संपली की संपली म्हणून लिहिलेलं होतं.

मग जहाज बंदराबाहेर कसं निघालं?

त्यासाठी तयारी मोजतात कशी ते थोडं सांगावं लागेल. जहाजाच्या तयारीचे खांब असतात, माणसं, यंत्रं, सुटे भाग-सामान, ट्रेनिंग आणि दारूगोळा. ट्रेनिंगच्या खांबात जहाजाची कामं वाटलेली असतात, पाणबुडी शोधणं, हवाई हल्ला अडवणं, जहाज चालवणं, आग विझवणं आणि भोक बुजवणं वगैरे, आणि प्रत्येक कामाचं वेगळं सर्टिफिकेट असतं जे बाहेरची टीम येऊन परीक्षा घेऊन देते, ठराविक मुदतीसाठी. वरच्या रिपोर्टिंग सिस्टीममध्ये कमांडरनं प्रत्येक कामासमोर तीनपैकी एक उत्तर द्यायचं असतं: हो, हो पण, आणि नाही. हिरवा, पिवळा, लाल. मधलं उत्तर म्हणजे काम करू शकतो, पण अमुक अमुक अडचण आहे. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाचं प्रमोशन जहाज समुद्रात असण्यावर आहे तो तीनपैकी कोणतं उत्तर जास्त वेळा देईल? आपल्या लग्नाच्या वाटाघाटीत जसं कोणी सरळ नाही म्हणत नाही तसंच आहे ते, "हो, पण" मध्ये सगळं बसतं.

आणि ज्या ठिकाणी सर्टिफिकेट पूर्णच संपलं होतं तिथे अजून एक कागद होता. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, सगळे रॅम्प म्हणायचे. त्यात लिहायचं की कोणतं सर्टिफिकेट गेलंय, त्यानं धोका काय, आणि ते परत मिळेपर्यंत आम्ही काय काळजी घेऊ. वरून सही झाली की जहाज निघालं. कागद म्हणून यात चूक काही नाही, कधीकधी लागतोच, युद्धाची परिस्थिती असेल तर कोण परीक्षेची वाट बघेल. पण अपवादासाठी काढलेली खिडकी हळूहळू मेन गेट झाली. लाल रंग दिसायचा, त्यावर एक रॅम्प चिकटायचा, आणि लालचा अर्थ 'थांब' वरून 'काळजी घेऊन जा' असा व्हायचा. तेच जहाज तीनदा चारदा असं गेलं आणि सुखरूप परत आलं की पुढच्या वेळी कोणी तो कागद वाचत पण नाही, मला हे माहीत आहे कारण आमच्या कारखान्यात मीच अशा कागदांवर सह्या गोळा करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की मोजमाप चुकलं नव्हतं. मोजमापाला 'नाही' म्हणायचा अधिकार नव्हता. हे दोन वेगळे रोग आहेत आणि दोघांचं औषध वेगळं. पहिल्या रोगात चांगली शीट बनवा, चांगलं सॉफ्टवेअर घ्या, रंग वाढवा. दुसऱ्यात शीट कितीही चांगली बनवा, काही होत नाही.

आता हे जपानातच का झालं, कारण अमेरिकेतल्या बंदरांतल्या जहाजांचं इतकं बिघडलं नव्हतं. तिथल्या जहाजांना ३६ महिन्यांचं चक्र असतं, आधी दुरुस्ती, मग ट्रेनिंगसाठी राखून ठेवलेले महिने, मग परीक्षा, मग मोहीम. जपानच्या जहाजांना असा राखीव ट्रेनिंगचा काळच नव्हता. उत्तर कोरिया आहे, दक्षिण चीन समुद्र आहे, रोज काही ना काही काम, मग ट्रेनिंग कधी? तर कामाच्या फटीत, कडेकडेनं. परदेशात ठेवलेली जहाजं २००६ मध्ये २० होती, २०१७ पर्यंत ४० झाली. जहाज परदेशात ठेवलं की ते 'जास्त उपलब्ध' असतं असा हिशेब होता, अमेरिकेतून निघून यायला लागणारे आठवडे वाचतात म्हणून. पण ती उपलब्धता ट्रेनिंगच्या वेळातून कापून आणली होती हे त्या हिशेबात कुठे दिसत नव्हतं, उपलब्धतेच्या रकान्यात ते फायदा म्हणूनच दिसायचं. वरून माणसं कमी. नेव्हीच्याच २०१४ च्या एका अभ्यासात खलाशी आठवड्याला सरासरी १०८ तास ड्युटीवर होते. १०८! माळ जपायला ठीक आहे तो आकडा.

हे सगळं सांगून झालं तेव्हा वॉरंट साहेब पोह्याची प्लेट बाजूला ठेवून म्हणाले, "पीओ, एक सांग. आमच्याकडे विमानाचं लॉगबुक वेगळं अन् पायलटचं वेगळं. तुमच्या जहाजाचं सर्टिफिकेट कोणाच्या नावानं असते?"

मी गप्पच झालो दोन मिनिटं. कारण गाठ तीच होती. सर्टिफिकेट जहाजाच्या नावानं असतं, म्हणजे लोखंडाच्या नावानं, आणि हुशारी असते माणसांच्या अंगात. परीक्षेच्या दिवशी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, जे उभे होते त्यांची दीड-दोन वर्षांत बदली होते, नवे येतात, कागद तोच राहतो. उलटं पण होतं, तारीख संपलेली पण टीम जुनी आणि चोख. म्हणजे हिरवा पण पूर्ण खरा नाही आणि लाल पण पूर्ण खोटा नाही. साहेबांच्या दुनियेत 'करन्सी' नावाची गोष्ट आहे, लायसन्स असून उपयोग नाही, अमुक दिवसांत रात्रीचं लँडिंग स्वतःच्या हातानं केलेलं नसेल तर आधी इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून करून दाखव, मग एकटा जा. तिथे कोणी रॅम्प भरत नाही.

मॅकेनचं प्रकरण या गाठीचं सगळ्यात वाईट उदाहरण आहे म्हणून ते नीट सांगतो. पहाटेचे पाच वाजून वीस मिनिटं, जगातल्या सगळ्यात गर्दीच्या समुद्री रस्त्यांपैकी एक. बंदरात शिरताना ब्रिजवर अनुभवी जादा माणसं उभी करायची असतात, ती सहा वाजता उभी करायचं ठरलेलं, म्हणजे गर्दी आधी आली आणि माणसं नंतर येणार होती. सुकाणूवरच्या पोराला दिशा आणि वेग दोन्ही सांभाळताना ओढाताण होताना कॅप्टनला दिसली, म्हणून त्यानं सांगितलं की वेगाचा कंट्रोल शेजारच्या कन्सोलवर द्या, याच्याकडे फक्त दिशा राहू द्या. चांगला विचार. पण ते टचस्क्रीनवर करताना वेगासोबत दिशेचा कंट्रोल पण शेजारी गेला आणि कोणाला कळलं नाही. सुकाणूवरचा ओरडला, स्टिअरिंग गेलं! स्टिअरिंग गेलं नव्हतं, तीन फुटांवर शेजाऱ्याकडे होतं. कॅप्टन म्हणाला वेग कमी करा. शेजाऱ्यानं कमी केला, पण दोन पंख्यांचे थ्रॉटल, म्हणजे वेगाचे कंट्रोल, स्क्रीनवर एकमेकांना जोडलेले नव्हते म्हणून एकाच बाजूचा कमी झाला. एका बाजूचा पंखा हळू, दुसऱ्या बाजूचा जोरात, जहाज डावीकडे वळत गेलं, सरळ टँकरच्या पुढ्यात. सगळं मिळून तीन-चार मिनिटं.

आणि ब्रिजवर कोण होतं? त्यातले काही जण अँटिटमवरून तात्पुरते पाठवलेले, तीच अँटिटम जी जानेवारीत घासली होती. अँटिटमचा कन्सोल वेगळा, मॅकेनचा वेगळा. माणूस अँटिटमवर पास झालेला, मॅकेनवर येऊन उभा, आणि मॅकेनच्या कन्सोलचं ट्रेनिंग जवळजवळ नाही. नेव्हीच्या स्वतःच्या चौकशीत तर असं निघालं की ज्यांच्यावर या पोरांना तयार करून पास करायची जबाबदारी होती, त्यांनाच ती सिस्टीम पुरती माहीत नव्हती. म्हणजे सही करणाऱ्याला पण येत नव्हतं. आता यात तयारीच्या शीटवर कोणता रंग टाकाल? 'क्वालिफाइड माणसं पुरेशी आहेत' हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरंच होतं. मी रडारवर असताना एका जहाजावरून दुसऱ्यावर तात्पुरता गेलो आहे, पहिले दोन दिवस बटण कुठे आहे हेच हात शोधत असतो, ते कोणत्याच रजिस्टरमध्ये येत नाही.

ऑफिसर लोकांचं वेगळंच. २००३ मध्ये अमेरिकन नेव्हीने नव्या सरफेस ऑफिसरांची, म्हणजे पाण्यावरच्या जहाजांवर जाणाऱ्यांची, काही महिन्यांची वर्गातली शाळा बंद करून हातात कॉम्प्युटरच्या सीड्यांचा संच द्यायला सुरुवात केली, जहाजावर वेळ मिळेल तसं बघून शिका. पैसे वाचले. पुढे वर्ग परत सुरू झाले पण मधल्या काळातले लोक तोवर वर चढत गेले होते. यावर मी जास्त बोलत नाही, सगळं खापर सीड्यांवर फोडणं मला पटत नाही, पण डोक्यात ठेवा.

धडकांनंतर त्यांनी जे केलं त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट एक साधी परीक्षा आहे. २०१८ च्या सुरुवातीला पहिल्या पोस्टिंगवरचे १६४ ऑफिसर घेतले, सगळे ऑफिसर ऑफ द डेक म्हणून आधीच क्वालिफाइड, म्हणजे कॅप्टनच्या गैरहजेरीत रात्री जहाज सांभाळायचा शिक्का मिळालेले, आणि त्यांना सिम्युलेटरमध्ये उभं केलं. २७ जणांबद्दल काही तक्रार नाही. १०८ जणांबद्दल थोडी काळजी. २९ जणांबद्दल गंभीर काळजी. समुद्रातल्या वाहतुकीचे नियम विचारले तर बहुतेकांना पाठ होते, पण वॉचवर, म्हणजे ड्युटीवर, वापरायची वेळ आली की अडखळत होते, आणि समोरचं जहाज अगदी अंगावर आलं की लगेच काय करायचं हे बऱ्याच जणांना सुचत नव्हतं. कागदावर हे १६४ च्या १६४ हिरवे होते. परत १०८ चा आकडा बघा, योगायोग आहे पण मला हसू येत नाही.

बाकीचे उपाय: सेव्हन्थ फ्लीटच्या कमांडरला मॅकेननंतर दोनच दिवसांत काढलं. नोव्हेंबरमध्ये मोठा आढावा आला. जुने रॅम्प रद्द केले. टचस्क्रीनचे थ्रॉटल काढून परत हातानं ढकलायचे लावायचं २०१९ मध्ये ठरलं, जे खलाशीच मागत होते. जपानात एक वेगळं ऑफिस उभं केलं जे फक्त जहाजांचं ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट बघेल, मोहिमा नाही, आणि माझ्या मते खरं औषध हे आहे, कारण ज्याला उद्या जहाज पाहिजे त्याच्याच हातात 'जहाज तयार आहे' चा शिक्का असेल तर शिक्का बसणारच. संसदेनं कायदाही केला की एखादं जहाज परदेशात सलग दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि जहाजांची तपासणी होता होईल तो अगदी ऐनवेळी सांगून करायची. आधी सांगून केलेली तपासणी म्हणजे काय हे नागपूरवाल्याला समजवायची गरज नाही, अधिवेशन जवळ आलं की विधान भवनाच्या रस्त्यांवरचे खड्डे कसे भरतात ते दर डिसेंबरला बघतोच.

आपल्याकडे सगळं छान असं सांगायला मी बसलेलो नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईत सिंधुरक्षक पाणबुडी गेली, १८ जण गेले. पुढच्या फेब्रुवारीत सिंधुरत्नवर दोन ऑफिसर गेले आणि अॅडमिरल डी. के. जोशींनी नौदलप्रमुख पदाचा राजीनामा दिला. त्या दोन्हींची कारणं वेगळी, या प्रकरणाशी जोडून त्यांचं लोणचं घालू नये. आपल्याकडे रिफिटनंतर, म्हणजे मोठ्या दुरुस्तीनंतर, जहाज वर्कअपला, म्हणजे सराव आणि परीक्षेला जातं, ते घेणाऱ्या फॉस्टचं (फ्लॅग ऑफिसर सी ट्रेनिंग) मुख्यालय कोचीला, त्यांची माणसं जहाजावर येतात तेव्हा आमच्या कॅप्टनचा पण घसा कोरडा पडायचा, एवढं सांगू शकतो. आतलं याच्या पुढे सांगणार नाही.

साहेबांना एवढं पटलं की ते म्हणाले, "म्हणजे कॅप्टन झोपला होता हे खरं, पण त्याला झोपू देण्याइतकी टीम तयार आहे असं कोणी लिहून दिलं होतं ते बघायचं." कॅप्टनची चूक ते अजून सोडायला तयार नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे, फिट्झगेराल्डवर वॉचच्या ऑफिसरनं त्याला उठवलंच नाही, भोंगा पण वाजवला नाही, हे त्या रात्रीचंच पाप आहे, सिस्टीमचं नाही.

आता माझ्या शीटचं सांगतो. कारखान्यात ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर चालणारी), फोर्कलिफ्ट, बंद टाकीत उतरणं, आगीचा पंप, अशी चौदा कामं आणि प्रत्येकाच्या पुढे ट्रेनिंगची तारीख. मी मागच्या महिन्यात एक रकाना वाढवला, 'हे काम स्वतःच्या हातानं शेवटचं कधी केलं', आणि शिफ्टमध्ये फिरून विचारून भरला. टाकीत उतरायचं सर्टिफिकेट सगळ्यांचं हिरवं, पण नाइट शिफ्टमध्ये कोणीच वर्षभरात कोणाला टाकीतून वर ओढायची तालीम केलेली नव्हती. एक जण म्हणाला, "साहेब, वर ओढायचा ट्रायपॉड कोणत्या कपाटात आहे तेच माहीत नाही आम्हाला, किल्ली दिवसपाळीवाल्याजवळ असते."

शीट मॅनेजरला दाखवली. माणूस वाईट नाही, ऐकून घेतलं सगळं. म्हणाला, "चांगलं केलं भाऊ. पण ऑडिट पुढच्या आठवड्यात आहे, इतका लाल दाखवता येत नाही. प्रत्येक लालच्या बाजूला एक ॲक्शन प्लॅन टाक अन् टार्गेट डेट टाक, मग पिवळा करून देऊ."

मी त्याला म्हटलं की किल्लीची दुसरी कॉपी बनवायला चाळीस रुपये लागतात, ती आधी बनवू. ती बनली, नाइट शिफ्टच्या सुपरवायझरकडे आहे. तालीम गुरुवारी रात्री ठेवली आहे, कोणाला न सांगता. शीटचा तो रकाना मी अजून पिवळा केलेला नाही, आणि ऑडिटवाले सोमवारी येत आहेत.